पहिल्या तासाचे पैसे कोण देणार?

जयपूरहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग शहराची वेस ओलांडून कानोत्याच्या पुढे गेला की साधारण तीस किलोमीटरवर बस्सी लागते. तालुक्याचे गाव. एका अंगाला रेल्वे स्थानक, दुसऱ्या अंगाला अखंड वाहणारा महामार्ग, आणि भोवती खरिपात बाजरी व रब्बीत गहू-मोहरी पिकवणारी शेते. राष्ट्रीय राजकारणात बस्सीचे नाव क्वचितच येते. तरीही, आपल्या देशात सरकारने आरोग्यावर पैसा कसा खर्च करावा, या वादाचा निवाडा करायचा असेल तर राजधानीतल्या चर्चासत्रांपेक्षा बस्सीसारख्या गावाच्या नकाशावर बोट ठेवून विचार करणे अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

समजा, या महामार्गावर रात्री एका मोटारसायकलस्वाराला ट्रकने धडक दिली. रक्तस्राव चालू आहे, खिशात तीनशे रुपये आहेत, घरचे लोक गावाकडे आहेत. जवळ एखादे छोटे खासगी रुग्णालय आहे, तालुक्याचे सरकारी रुग्णालयही आहे. सर्वांत मोठे, सर्व सोयींनी युक्त असे सवाई मानसिंग रुग्णालय जयपुरात आहे. वैद्यकशास्त्र सांगते की अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक असतो. कायदाही हेच मानतो. मात्र त्या पहिल्या तासात रक्तवाहिनी बांधणारा शल्यचिकित्सक, सलाइन, रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञ या सगळ्यांचे पैसे कोण देणार, हे ठरलेले नसेल तर जखमी माणसाला रुग्णवाहिकेत घालून ‘पुढे न्या’ असे सांगितले जाते. उत्तर भारतातल्या सरकारी कागदावर यासाठी एकच शब्द लिहिलेला असतो : रेफर.

या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी गप्प बसून राहिल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. त्यानंतर सात वर्षांनी, १९९६मध्ये, पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. जुलै १९९२मध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर मार लागला होता. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेण्यात आले. कुठे सोय नव्हती, कुठे खाट नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने तो वाचला. न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशांची चणचण ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली.

निकाल उदात्त होता. पण न्यायालयाला अर्थसंकल्प मांडता येत नाही. २०१०च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याने तातडीच्या रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन नोंदणीकृत रुग्णालयांवर घातले. राजस्थानने तो कायदा स्वीकारलाही. त्यातही खर्च कोणी भरून द्यायचा याविषयी मौनच होते. बंधन रुग्णालयावर, हक्क रुग्णाचा आणि बिल कोणाचेच नाही, अशी ही रचना आहे. असे बंधन पाळले गेले तर ते एखाद्या डॉक्टरच्या सज्जनपणामुळे.

राजस्थानने हे मौन तोडण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्या प्रयत्नाकडे देशाने लक्ष द्यायला हवे होते. सप्टेंबर २०२२मध्ये विधानसभेत आरोग्य हक्क विधेयक आले, प्रवर समितीकडे गेले आणि २१ मार्च २०२३ रोजी संमत झाले. असा कायदा करणारे राजस्थान हे देशातले पहिले राज्य. अपघात, सर्पदंश, प्राणिदंश, बाळंतपणातील अचानक उद्भवलेले संकट अशा प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार मिळतील, आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकार त्याची प्रतिपूर्ती करील, अशी तरतूद त्यात होती. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड होता. मौन तोडले ते ‘प्रतिपूर्ती’ या एका शब्दाने.

त्याच शब्दावरून संघर्ष पेटला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, जयपुरात लाठ्या आणि पाण्याचे फवारे चालले, खासगी रुग्णालये जवळपास दोन आठवडे बंद राहिली, निवासी डॉक्टरही काही काळ त्यांच्यासोबत गेले. त्या दिवसांत इंग्रजी वृत्तवाहिन्यांवर दोनच बाजू दिसत होत्या : लोभी डॉक्टर किंवा लोकानुनयी सरकार. मला दोन्ही चित्रे अपुरी वाटली. कोणताही तातडीचा रुग्ण पैशांअभावी दारातून परत पाठवणार नाही, एवढे म्हणण्याला विरोध करणारा वैद्यकीय व्यवसाय स्वतःच्या शपथेपासून दूर गेला होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण डॉक्टरांचा हिशेबाचा मुद्दा मात्र बिनचूक होता. ‘सरकार पैसे देईल’ या वाक्यात कधी, किती, कोणत्या दराने आणि कोणत्या खात्यातून, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते सगळे नंतर नियमांत येणार होते. सरकारी योजनांची बिले महिनोन्‌महिने अडकून पडल्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना ‘नंतर’ या शब्दाची भीती वाटली तर आश्चर्य नाही.

ही भीती काल्पनिक नव्हती, हे पुढे दिसलेच. हरियाणातील खासगी रुग्णालयांनी ऑगस्ट २०२५मध्ये थकबाकीच्या कारणावरून आयुष्मान भारत योजनेखालील उपचार थांबवले. त्याच सुमारास राजस्थानातही सरकारी कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांच्या आरोग्य योजनेतली देणी थकल्यामुळे रुग्णालये सेवा थांबवण्याच्या पवित्र्यात आली. ज्या सरकारला स्वतःच्या कर्मचाऱ्यांची बिले वेळेवर चुकती करता येत नाहीत, ते महामार्गावरच्या अनोळखी जखमीचे बिल वेळेवर चुकते करील, यावर एखाद्या पंधरा खाटांच्या रुग्णालयाच्या मालकाने का विश्वास ठेवावा?

४ एप्रिल २०२३ रोजी तडजोड झाली. पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील, असे ठरले. ज्या रुग्णालयांनी जमीन किंवा इमारतीसाठी सरकारकडून सवलत घेतलेली नाही, तीही बाहेर. आत राहिली ती खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, सरकारी भागीदारीतली रुग्णालये आणि सवलतीच्या जमिनीवर उभी असलेली काही मोठी रुग्णालये. वृत्तपत्रांनी या बातमीला ‘कोंडी फुटली’ असे मथळे दिले. संप मिटला, आणि विषयही मिटला.

आता पुन्हा बस्सीच्या नकाशाकडे पाहा. तालुक्याच्या गावांत खासगी रुग्णालये असतात ती बहुधा दहा, वीस, तीस खाटांची. एखाद्या डॉक्टर दाम्पत्याने कर्ज काढून, स्वतःच्या जागेत बांधलेली. पन्नासहून अधिक खाटांची, सवलतीच्या जमिनीवरची आणि वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये मोठ्या शहरांच्या आसपास असतात. म्हणजे तडजोडीनंतर खासगी क्षेत्रापुरता हा हक्क बस्सीत लागू होतच नाही. तो सुरू होतो तीस किलोमीटर पुढे, जयपुरात. पहिल्या तासासाठी केलेल्या कायद्यातून पहिल्या तासात गाठता येणारी रुग्णालयेच वगळली गेली. हे कोणी दुष्टाव्याने केले असे मी म्हणत नाही. छोट्या रुग्णालयाला उधारी झेपत नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे सरकारने मान्य केले. त्यावरचा उपाय छोट्या रुग्णालयाला पैसे लवकर देणे हा होता. सरकारने त्याला कायद्यातून मोकळे करणे पसंत केले, कारण ते फुकट होते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये राज्यपालांची संमती मिळाली, डिसेंबरात सत्तांतर झाले, आणि ज्या नियमांत दर, मुदत व निधी ठरायचा होता ते नियम रखडले. विम्याच्या योजना असताना या कायद्याची वेगळी गरज काय, असा सूर नव्या सत्ताधाऱ्यांकडून ऐकू येऊ लागला. आधीच्या सरकारलाही कायदा संमत झाल्यापासून निवडणुकीपर्यंत काही महिने मिळाले होते. तेवढ्या अवधीत नियमांचा मसुदा आणि स्वतंत्र निधीची तरतूद अशक्य नव्हती. ज्या पक्षाने हा कायदा प्रचारात मिरवला, त्याने त्याच्या पोटाला पैसा घातला नाही, ही गोष्ट त्या पक्षाच्या हितचिंतकांनीही मान्य करायला हवी.

राजस्थानच्याच आरोग्य खात्यात याच्या नेमके उलट उदाहरण आहे. २ ऑक्टोबर २०११ रोजी राज्यात मोफत औषध योजना सुरू झाली. तिची तयारी पाहण्याजोगी होती. आधी राजस्थान वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. तमिळनाडूने १९९०च्या दशकात उभ्या केलेल्या महामंडळाचा आदर्श समोर होता. औषधे ब्रँडच्या नावाने न घेता मूळ नावाने, राज्यभरासाठी एकत्र निविदा काढून खरेदी करायची; प्रत्येक जिल्ह्यात औषध भांडार; प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती वाटपाला द्यायची नाही; आणि कोणत्या भांडारात काय शिल्लक आहे हे ‘ई-औषधी’ या संगणक प्रणालीवर दिसेल अशी व्यवस्था. चित्तोडगढचे जिल्हाधिकारी असताना स्वस्त औषधांचा प्रयोग केलेले डॉ. समित शर्मा यांच्याकडे महामंडळाची सूत्रे होती. त्याच जिल्ह्यात ‘प्रयास’ या संस्थेचे डॉ. नरेंद्र गुप्ता या मागणीसाठी वर्षानुवर्षे झटत होते. ७ एप्रिल २०१३ रोजी मोफत तपासण्याही सुरू झाल्या.

त्या वर्षी डिसेंबरात सरकार बदलले. नव्या सरकारने आपली स्वतंत्र भामाशाह विमा योजना आणली, पण औषधांची खिडकी बंद केली नाही. करू शकले नाही. २०१८मध्ये पुन्हा सत्तांतर, २०२३मध्ये पुन्हा. खिडकी चालूच. दरम्यान विमा योजनेने किती नावे बदलली ते पाहा : भामाशाह, मग आयुष्मान भारत-महात्मा गांधी, १ मे २०२१पासून चिरंजीवी, २०२४पासून मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य. चिरंजीवीचे संरक्षण पाच लाखांवरून दहा लाखांवर आणि २०२३च्या निवडणूक वर्षात पंचवीस लाखांवर गेले. कार्डावरचा आकडा वाढवायला फारसे काही लागत नाही, कारण बहुतेक कुटुंबांना त्या आकड्याच्या आसपासही कधी जावे लागत नाही. जावे लागते ते मधुमेहाच्या गोळीसाठी, रक्तदाबाच्या गोळीसाठी, मुलाच्या तापासाठी. बाह्यरुग्ण उपचारांवर आपली कुटुंबे जो खर्च करतात त्यातला सर्वांत मोठा भाग औषधांचा असतो, आणि रुग्णालयात दाखल होण्यापुरती मर्यादित असलेली विमा योजना त्या खर्चाला हातही लावत नाही.

राजस्थानातल्या सरकारी रुग्णालयात सकाळी गेलात तर ही खिडकी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. रांग असते. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बायका चिठ्ठी आत सरकवतात, आतला माणूस संगणकात नोंद करतो, पाकिटे बाहेर येतात. ओळखपत्र, मंजुरी, दावा, प्रतिपूर्ती यांपैकी काही नाही. राज्याने पैसे आधीच मोजलेले आहेत. वस्तू कपाटात आहे. हक्क बजावायला हात पुढे करणे पुरेसे आहे. या व्यवस्थेत तक्रारी आहेत, काही औषधे संपतात, बाहेरून आणायला सांगितले जाते. पण औषध संपले तर ते संपले हे दिसते, त्यावर ओरड होते आणि जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते.

आरोग्य हक्क कायद्याने ज्या सर्पदंशाचा उल्लेख केला, त्याचेच उदाहरण घ्या. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. मृत्यूंचा मोठा भार वाहणाऱ्या राज्यांत राजस्थान आहे. बाजरीच्या शेतात घोणस चावलेल्या बाईला कायद्याचे कलम उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती तालुक्याच्या रुग्णालयातल्या फ्रीजमध्ये असलेली प्रतिविषाची कुपी आणि ती टोचायला न घाबरणारा डॉक्टर. महाराष्ट्राच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचे त्यांचे काम सुरू केले ते महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि ज्या प्राझोसिनने विंचवाच्या विषाचे मृत्यू रोखता येतात हे त्यांनी जगाला दाखवले, ते स्वस्तातले औषध होते. खर्च होता तो तिथे डॉक्टर असण्याचा.

तोच खर्च आपण टाळत आलो आहोत. ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असावेत असे आपलेच निकष सांगतात. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशभरात अशा तज्ज्ञांची तूट गरजेच्या जवळपास ८० टक्के होती. पाचपैकी चार खुर्च्या रिकाम्या. ‘रेफर’ या शब्दाचा जन्म इथे होतो. त्या खुर्च्यांसमोर आलेला प्रत्येक गंभीर रुग्ण जयपूरच्या वाटेला लागतो, आणि मग सवाई मानसिंग रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण दिसले की आपण त्या रुग्णालयाला दोष देतो. ऑक्टोबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात त्याच रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमधील अतिदक्षता विभागाला रात्री आग लागून किमान सहा रुग्ण दगावले. चौकशी विजेच्या जोडणीची होईल, व्हायलाच हवी. पण दूरदूरच्या तालुक्यांतले डोक्याला मार लागलेले रुग्ण एकाच इमारतीत का एकवटतात, हा प्रश्न कोणत्याही चौकशी समितीच्या कार्यकक्षेत येत नाही.

परदेशांचा दाखला देताना आपल्याकडे थेट ब्रिटनकडे धाव घेण्याची सवय आहे. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा कररूपी पैशांवर चालते आणि दारात कोणी पैसे मागत नाही, ही गोष्ट आदर्श आहेच. पण श्रीमंत देशाशी तुलना केली की आपले अर्थमंत्री सुटकेचा निःश्वास टाकतात. थायलंडशी तुलना केली तर त्यांना तसे करता येणार नाही. थायलंडने २००१मध्ये ‘तीस बाथ’ योजना आणली : एका भेटीला तीस बाथ, बाकी सारे सरकारचे. पुढे तेही बंद झाले. जगभर याच योजनेचे कौतुक होते, पण तिचे रहस्य वीस वर्षे आधी दडलेले आहे. १९७२पासून तिथे नव्या डॉक्टरांना तीन वर्षे सरकारी सेवा सक्तीची झाली. १९८२ ते १९८६ या काळात सरकारने शहरी, प्रांतीय रुग्णालयांतली नवी भांडवली गुंतवणूक गोठवली आणि तो पैसा तालुका पातळीवरच्या रुग्णालयांकडे वळवला. किती सरकारांना हे धाडस झेपेल याची कल्पना करा : राजधानीतल्या मतदाराला सांगायचे की पाच वर्षे तुमच्या रुग्णालयाला नवी इमारत मिळणार नाही.

मग हक्क जाहीर करण्याची वेळ आली तेव्हा तो वापरायला जागा तयार होती. आणि पैसे? २००२मध्ये दरडोई सुमारे १२०० बाथ ठरवून, त्या भागात राहणाऱ्या नोंदणीकृत लोकसंख्येच्या हिशेबाने बाह्यरुग्ण सेवेची रक्कम आगाऊ पोचवली जाऊ लागली. बस्सीच्या भाषेत सांगायचे तर, तालुक्यात इतकी माणसे आहेत म्हणून तालुक्याच्या रुग्णालयाला वर्षाच्या आरंभी इतके पैसे, मग एखादा आजारी पडो वा न पडो. आपल्याकडे विमा योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते शस्त्रक्रिया केल्यावर, दावा भरल्यावर, दावा मंजूर झाल्यावर. पहिल्या पद्धतीत माणसे निरोगी राहण्यात रुग्णालयाचा फायदा असतो. दुसऱ्या पद्धतीत तो कशात असतो, हे अनावश्यक शस्त्रक्रियांच्या बातम्या वाचणाऱ्या वाचकांना ठाऊक आहे.

एका जागतिक घटनेचाही इथे संबंध आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवण्याचा आदेश काढला. आफ्रिकेतल्या अनेक देशांत एचआयव्हीची औषधे २००३पासून प्रामुख्याने अमेरिकी निधीवर मिळत होती. या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले असे खुद्द अमेरिकी सरकार सांगत असे. जीवरक्षक सेवांना काही दिवसांत सूट जाहीर झाली, पण तोवर दवाखान्यांना टाळी लागली होती, समुपदेशकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. १ जुलैपासून तर ती मदत संस्था स्वतंत्रपणे अस्तित्वातच राहिली नाही. भारताचा आरोग्य खर्च परकीय मदतीवर चालत नाही, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. मात्र केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या राज्यांची आणि मुदतबंद योजनांवर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांची अवस्था त्याहून फार वेगळी आहे का? पंधराव्या वित्त आयोगाने प्राथमिक आरोग्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांना ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्याचा पाच वर्षांचा अवधी ३१ मार्च २०२६ला संपतो. त्या पैशातून उभ्या झालेल्या उपकेंद्रांतला माणूस १ एप्रिलला कोणाच्या पगारावर असेल, याचे उत्तर राज्यांच्या अर्थसंकल्पांतच शोधावे लागेल.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ या महासाथीच्या वर्षातही तो १.८४ टक्केच होता. न्याय्य बोलायचे तर घसरणीची गोष्ट नाही. २०१४-१५मध्ये हाच आकडा १.१३ होता, आणि लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा या काळात ६२.६ टक्क्यांवरून ३९.४वर आला. ही सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. पण राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्याला द्यावा, असेही तेच धोरण सांगते. राजस्थान या बाबतीत राज्यांच्या सरासरीच्या वर राहिले आहे. देशातले सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेले राज्य, महाराष्ट्र, सरासरीच्या खाली आहे.

महाराष्ट्राने २०२३मध्ये दोन मोठे निर्णय घेतले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय जूनमध्ये झाला, आणि १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या चोवीस तासांत, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यात बारा नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, सरकारने तो फेटाळला. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. औषध खरेदी हाफकिनकडे द्यायची की नव्या प्राधिकरणाकडे, यात राज्याची काही वर्षे गेली आणि वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा २०२३मध्ये झाला, हे निर्विवाद आहे. राजस्थानने हे काम २०११मध्ये संपवले होते, तमिळनाडूने त्याच्याही खूप आधी. मोफत केस पेपर ही चांगलीच गोष्ट आहे, पण केस पेपरवर लिहिलेले औषध कपाटात असावे लागते.

पहिल्या तासाच्या प्रश्नाला परत येतो, कारण तिथे एक बारीकशी वाट उघडली आहे. देशात २०२३मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. मोटार वाहन कायद्यात सुवर्ण तासातल्या रोकडरहित उपचारांची तरतूद असूनही योजना निघत नव्हती; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये केंद्राला मुदत घालून दिली, आणि ५ मे २०२५ रोजी योजना अधिसूचित झाली. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. राजस्थानच्या कायद्यात जे नव्हते ते हिच्यात आहे : मोटार वाहन अपघात निधी या नावाचे एक खाते, ज्यात विमा कंपन्यांचे आणि सरकारचे पैसे पडतात. रक्कम अपुरी आहे, गंभीर मेंदूइजेला दीड लाख दोन दिवसही पुरत नाहीत. पण खात्याला नाव आहे.

दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा दिल्ली-दौसा-लालसोट हा २४६ किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी २०२३मध्ये खुला झाला, बस्सीच्या पूर्वेच्या शेजारी जिल्ह्यातून जाणारा. त्यावर १२,१५० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. ज्या महिन्यात तो रस्ता वाहतुकीला खुला झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात आरोग्य हक्क कायदा संमत झाला. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराला कोणी सांगितले नव्हते की आधी बांधा, पैशांचे नियम नंतर ठरवू.

राजस्थानच्या पुढच्या अर्थसंकल्पात मला एकच ओळ शोधायची आहे. आरोग्य हक्क कायद्याखाली तातडीच्या उपचारांसाठी फिरता निधी, जिल्हा आरोग्य प्राधिकरणाच्या ताब्यात, छोट्या रुग्णालयाचे बिल ठरावीक दिवसांत चुकते करण्याच्या बंधनासह, आणि उशीर झाल्यास व्याजासह. ती ओळ आली तर पन्नास खाटांची अट काढून टाकण्याची बोलणी डॉक्टरांशी पुन्हा सुरू करता येतील. त्यांचा मुख्य आक्षेपच उरणार नाही. सोबत तालुका रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञांच्या रिकाम्या जागांसाठी वेगळे वेतन आणि राहायला घर. विम्याच्या कार्डावरचा आकडा यंदा वाढला नाही तरी चालेल. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी रुग्ण हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना करत आल्या आहेत. त्यांनी मसुदा लिहायला घेतला, तर पहिले कलम निधीचे असू द्यावे.